पानाच्या शिरा, मातीच्या भेगा



आयोजकांनी माझ्या नावापुढे ‘चित्रकार’ असं लिहिलं होतं, ते मी आधी काढायला लावलं. मी चित्रकार नाही. पायदळातला निवृत्त कर्नल आहे. एकतीस वर्षं नोकरी झाली आणि आता मध्य प्रदेशात महूला राहतो. मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं. घरात मराठी, बाजारात माळवी वळणाची हिंदी. गेली सात वर्षं मी रोज सकाळी अर्धा तास पेन घेऊन बसतो आणि झाडाचं पान, सूर्यफूल, वाळलेली माती, शिंपला असं काहीतरी कागदावर उतरवतो. त्याला कुणी ‘मेडिटेटिव्ह आर्ट’ म्हणतं, कुणी ध्यानचित्र म्हणतं. नाव काहीही द्या. निसर्गातली नक्षी हाताने काढताना नेमकं काय होतं, ती काढायची कशी, आणि आमच्यासारख्यांना तिचा काय उपयोग झाला, एवढंच आज सांगणार आहे.

‘आमच्यासारख्या’ हा शब्द जरा उलगडून सांगतो.

पायदळात आलेल्या प्रत्येकाला सुरुवातीच्या महिन्यांतच एक पाठ असतो. उस्ताद तो हिंदीत शिकवतात: ‘चीजें क्यों नजर आती हैं’. वस्तू दिसते ती आकारामुळे, सावलीमुळे, चमकेमुळे, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उमटल्यामुळे, हालचालीमुळे आणि अंतरामुळे. हा अंतराचा मुद्दा नव्या पोरांना चटकन कळत नाही. मग उस्ताद समजावतात की जंगलात झुडपं कधी सारख्या अंतरावर उगवत नाहीत. चार झुडपं सारख्या अंतरावर दिसली तर ती कुणीतरी लावलेली आहेत, त्यांच्यामागे माणूस आहे. म्हणून स्वतः लपताना दोन जवानांमधलं अंतर सारखं ठेवायचं नाही, आणि समोर शोधताना सारखं अंतर दिसलं की थांबायचं.

पुढे कित्येक वर्षं मी हेच केलं. काश्मीरमध्ये केलं, ईशान्येत केलं. आमच्याकडे आरओपी म्हणतात, रोड ओपनिंग पार्टी. सकाळी गाड्यांचा काफिला निघण्याआधी एक तुकडी रस्ता पायी तपासते. ताजी उकरलेली माती, गवताच्या रंगात पडलेला फरक, मोरीच्या तोंडाशी काल नसलेला डबा, ओली बाजू वर करून पडलेला दगड. नक्षी कुठे बिघडली आहे, एवढंच शोधायचं. मुळात नक्षी कशी आहे, ते बघत उभं राहायला तिथे सवड नसते.

निवृत्तीनंतर नोकरी सुटते, डोळे सुटत नाहीत. छावणीतल्या सावलीच्या रस्त्यावर सकाळी फिरायला निघालो की माझी नजर रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, कचऱ्याच्या पिशवीवर. आमची ही एकदा म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही फिरायला आलाय की रस्ता उघडायला?’’ आम्ही दोघंही हसलो. पण रात्री तीनला जाग यायची आणि पुन्हा झोप लागायची नाही, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, औषध घेतलं, त्याचा गुण आला. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा भाषणांत वक्ते डॉक्टरांना गाळून थेट रंगपेटीवर उडी मारतात. तुमच्यापैकी कुणाला असा त्रास असेल तर आधी डॉक्टर. सरकारची ‘टेलि-मानस’ नावाची मदतवाहिनी आहे, नंबर १४४१६, फोन करायला पैसे पडत नाहीत. चित्र त्यानंतर, किंवा त्याच्या जोडीला.

आता चित्राकडे येतो.

महूपासून पाताळपाणीकडे गेलं की घाटाच्या उतारावर सागाचं रान लागतं. पावसाळ्याच्या शेवटी त्या सागाला एक बारीक अळी लागते. पानातला हिरवा गर ती खाते आणि शिरा तेवढ्या ठेवते. लांबून रान जळल्यासारखं तपकिरी दिसतं. जवळ जाऊन एक पान उजेडाकडे धरलं तर हातात जाळीदार कापड असतं. असं एक पान मी घरी आणलं, पांढऱ्या कागदावर ठेवलं, आणि बॉलपेनने त्याच्या शेजारी तसंच काढायला लागलो. का, ते सांगता येणार नाही. नकाशे काढायची सवय होती, बहुधा म्हणून.

सागाचं पान हातभर लांब असू शकतं. मधली जाड शीर, तिच्यातून दोन्ही बाजूंना निघालेल्या उपशिरा, त्या उपशिरांना शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडणाऱ्या बारीक शिरा आणि त्या पायऱ्यांच्या मध्ये आणखी बारीक चौकोन, पंचकोन. पहिल्या दिवशी दोन उपशिरांमधला पट्टा काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. पण त्या चाळीस मिनिटांत मला एक गोष्ट दिसली. एकही घर दुसऱ्यासारखं नाही, आणि तरी सगळी एकाच घराण्यातली आहेत. अंतर सारखं नाही, पण मनमानीही नाही. उस्तादांचं म्हणणं अगदी खरं होतं. फक्त त्याच्या पुढचा अर्धा भाग लष्कराला लागत नाही म्हणून त्यांनी शिकवला नव्हता. निसर्गात अंतर सारखं नसतं, नियम सारखा असतो.

आणखी एक पाहा. त्या शिरा नुसत्या फांद्यांसारख्या फुटत जात नाहीत, त्या परत एकमेकींना मिळतात, बंद घरं करतात. पाणी नेणारी एक शीर किड्याने तोडली तर पाणी शेजारच्या घरातून वळसा घेऊन पुढे जातं. रसद पोचवणारा कुठलाही अधिकारी हे पान बघून खूश होईल. एकाच रस्त्यावर सगळी रसद कधी ठेवायची नाही, हे आम्हाला जाडजूड पुस्तकांतून शिकवलं होतं.

चित्र काढताना मनाचं काय होतं, याचं मला दिसलेलं उत्तर साधं आहे. डोळा शोधायचा थांबतो आणि मोजायला लागतो. शोधणारा डोळा पुढे पळतो, कोपऱ्यात काय आहे ते बघतो. मोजणाऱ्या डोळ्याला पेनाच्या टोकापाशी थांबावं लागतं. ही शीर त्या शिरेला कुठे मिळाली? किती कोनात? मग पुढची. हात जेवढा हळू चालेल तेवढाच डोळा चालतो. फौजेत याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मी अनुभवली आहे, ती म्हणजे रायफल खोलून साफ करणं. तेल, चिंधी, एकेक भाग, ठरलेला क्रम. चांगले जवान ते करताना बोलत नाहीत. त्याला ध्यान म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं.

यात एक अडचण आहे. पान समोर ठेवून नुसती नक्कल केली की काही दिवसांनी कंटाळा येतो, आणि ‘मला जमतंय का’ हा प्रश्न डोकं वर काढतो. माझी गाडी तिथेच अडली होती. इंदूरच्या एका निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतिशास्त्राच्या, त्यांनी मला तिथून पुढे नेलं. त्या म्हणाल्या, ‘‘कर्नलसाहेब, दिसतं ते काढू नका. झाड जे करतं ते करा.’’ आणि त्यांनी सूर्यफूल समोर ठेवलं.

हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण घरी जाऊन आजच करून बघता येईल. कोनमापक, पट्टी आणि पेन्सिल लागेल. पूर्ण वर्तुळाचा कोनमापक असेल तर उत्तम; कंपासपेटीतला अर्धा असला तरी चालतो.

सूर्यफुलाच्या चकतीत, किंवा कुठल्याही रोपाच्या शेंड्याला, नवा कोंब कुठे येतो? जिथे जागा सगळ्यात मोकळी आहे तिथे. सगळं फूल कसं दिसणार आहे याचा आराखडा त्या कोंबापाशी नसतो. आधीच्या कोंबांपासून जरा दूर, एवढंच. असं होत होत बहुतेक झाडांत एक कोन ठरून जातो: १३७.५ अंश. प्रत्येक नवा कोंब आधीच्या कोंबापासून साधारण १३७.५ अंश फिरून येतो. १९७९ मध्ये हेल्मुट फोगेल यांनी सूर्यफुलासाठी हा कोन आणि अंतर यांचं अगदी सोपं सूत्र मांडलं. मी ते आमच्या बेअरिंगच्या भाषेत सांगतो.

कागदाच्या मध्यावर केंद्र घ्या. वरची दिशा शून्य अंश. पहिला ठिपका १३७.५ अंशांवर. दुसरा त्यात १३७.५ मिळवून २७५ वर. तिसऱ्याला बेरीज होते ४१२.५, त्यातून पूर्ण फेरीचे ३६० वजा करा, उरले ५२.५. चौथा १९० वर, पाचवा ३२७.५ वर, सहावा १०५ वर, सातवा २४२.५ वर, आठवा २० वर. असंच पुढे. आता केंद्रापासूनचं अंतर. ठिपक्याचा जो क्रमांक, त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि पाचने गुणायचं, तेवढे मिलिमीटर. पहिला ठिपका ५ मिलिमीटरवर, चौथा १० वर, नववा १५ वर, सोळावा २० वर, शंभरावा ५ सेंटीमीटरवर. मधली वर्गमुळं मोबाईलवर काढा, त्यात कमीपणा नाही.

पहिले वीस-पंचवीस ठिपके काहीच दिसत नाहीत. विस्कटलेली ज्वारी. इथे बहुतेक लोक सोडून देतात. चाळिसाच्या पुढे कागदावर हळूहळू वळणं उमटायला लागतात, आणि साठ-सत्तर झाले की स्पष्ट दिसतं: ठिपक्यांच्या रांगा डावीकडे वळताहेत आणि त्याच ठिपक्यांच्या दुसऱ्या रांगा उजवीकडे वळताहेत. मधल्या पट्ट्यात मोजल्या तर एका बाजूच्या १३ आणि दुसऱ्या बाजूच्या २१ भरतात. खऱ्या सूर्यफुलाच्या कडेला मोजा, बऱ्याचदा ३४ आणि ५५ येतील. ती वळणं तुम्ही काढलेली नसतात. तुम्ही फक्त पुढचा ठिपका ठेवलेला असतो.

आता याच कागदाच्या मागे १३७.५ च्या ऐवजी १३५ घेऊन बघा. फरक अडीच अंशांचा. आठ सरळ आरे तयार होतात आणि दोन आऱ्यांमध्ये मोकळी जागा वाया जाते, कारण १३५ ला आठने गुणलं की बरोबर तीन फेऱ्या पूर्ण होतात आणि नववा ठिपका पहिल्याच्या रेषेत येऊन बसतो. १२० घेतलं तर तीनच आरे. मी तोफखान्यातल्या एका मित्राला हे दाखवलं. अडीच अंशांची किंमत त्याला कुणी सांगायला नको. तो बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत बसला आणि मग म्हणाला, ‘‘झाडाला हे कोण शिकवतं रे?’’

आणि इथेच एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश सांगतात की निसर्गात सगळीकडे एकच सुवर्ण गुणोत्तर आहे. तसं नाही. नॉटिलस नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचं चित्र त्यासाठी नेहमी दाखवतात. तो शंख एका पूर्ण वळणात साधारण तिपटीने मोठा होतो, आणि सुवर्ण गुणोत्तराचं वळण जवळजवळ सातपटीने वाढतं. दोन्ही वळणं सुंदर आहेत, पण वेगवेगळी. सूर्यफुलंसुद्धा सगळी शिस्तीत नसतात. ॲलन ट्युरिंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांतला मोठा माणूस. युद्धानंतर तो झाडांच्या आणि प्राण्यांच्या नक्षीकडे वळला. १९५२ साली त्याने त्यावर निबंध लिहिला आणि सूर्यफुलाच्या वळणांचं काम मात्र अर्धवट राहिलं. त्याच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, इंग्लंडात मँचेस्टरला लोकांना सूर्यफुलं लावून वळणं मोजायला सांगितलं गेलं. बहुतेक फुलांत अपेक्षित आकडेच आले, पण काही फुलांनी ते पाळले नाहीत. मला ती न पाळणारी फुलं आवडतात. कागदावर ठिपका सरकला तर मी खोडत नाही, त्याचं कारण तीच फुलं.

हे सगळं ऐकून आमच्या घरी कामाला येणाऱ्या भाभी हसल्या असत्या. त्या माळव्यातल्या. दिवाळीच्या आधी अंगण शेणाने सारवतात, त्यावर गेरू लावतात आणि पांढऱ्या खडीच्या पाण्यात बुडवलेला बोळा मुठीत धरून बोटावरून ओघळणाऱ्या धारेने मांडणा काढतात. पट्टी नाही, खोडरबर नाही, आणि काढताना गप्पाही चालू. मांडणा संपला की त्या म्हणतात, ‘‘हो गया,’’ आणि भांडी घासायला जातात.

माझी आई ठिपक्यांची रांगोळी घालायची. लहानपणी मी ‘अकरा ते सहा’ हे शब्द हजार वेळा ऐकले असतील. ते काय आहे हे कळायला मात्र साठी यावी लागली. मधल्या ओळीत ११ ठिपके, तिच्या वर आणि खाली १०, मग ९, ८, ७, ६. प्रत्येक ओळीतला ठिपका मागच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. मोजा: एकूण ९१ ठिपके. बाहेरचा आकार षटकोन, प्रत्येक बाजूला ६ ठिपके, आणि आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी. हीच मांडणी मधमाशीच्या पोळ्यात आहे. उंचावर पहारा देताना काळ्या हातमोज्यावर पडलेला हिमाचा कण भिंगातून बघितला, तर त्यालाही सहाच हात असतात. ‘तेरा ते सात’ घातली तर १२७ ठिपके. आईने वर्गमूळ कधी काढलं नाही, पण उंबऱ्यासमोर रोज षटकोन मांडला.

तामिळनाडूत पोस्टिंग असताना पहाटे पीटीला जाताना दारादारांत कोलम दिसायचे. एकच रेघ ठिपक्यांना वळसे घालत जाते आणि निघाली तिथे परत येते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या कोलमांचं व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं. संगणकाला जे नियम लिहून द्यावे लागतात, ते त्या बायकांच्या बोटांत होते. तेव्हा आज दुकानात महागड्या ‘मंडला किट’ मिळतात, चाळीस रंगांची पेनं आणि छापील वर्तुळं, त्या घेण्याआधी घरातल्या एखाद्या आजीला किंवा आत्याला विचारा. छापील वर्तुळात रंग भरणं वाईट नाही, मन रमतं. पण त्यात पुढचा ठिपका कुठे ठेवायचा हे तुम्हाला ठरवायचं नसतं, आणि माझ्या मते सगळी मजा त्यातच आहे.

माझ्याआधीही नक्षीच्या नादी लागलेला एक फौजी होऊन गेला, त्याच्याबद्दल थोडं. राल्फ बॅग्नोल्ड, ब्रिटिश लष्करातला अधिकारी. १९२० आणि ३० च्या दशकांत तो सुट्टीत फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात भटकायचा. वाळूच्या टेकड्या आणि वाळूवरच्या लाटा इतक्या नेमक्या आकाराच्या का, हा प्रश्न त्याला सोडेना. १९३५ मध्ये लष्कर सोडलं आणि लंडनला वाऱ्याचा बोगदा तयार करून त्यात वाळूचे कण कसे उड्या मारतात ते मोजत बसला. युद्ध सुरू झाल्यावर परत वर्दी चढवली आणि १९४० मध्ये वाळवंटात खोलवर जाऊन टेहळणी करणारं दल उभं केलं. त्याचं वाळूवरचं पुस्तक १९४१ चं. वाळवंटाचा अभ्यास करणारे आजही ते वाचतात.

राजस्थानात जैसलमेरच्या पुढे असताना मी वाळूवरच्या त्या लाटा रोज तुडवल्या. आमच्याबरोबर गावातला एक म्हातारा खोजी असायचा, पावलांचे ठसे ओळखणारा. ठशाच्या तळाला वाऱ्याने पुन्हा बारीक लाटा काढायला सुरुवात केली आहे का, हे बघून तो सांगायचा की माणूस रात्री गेला की पहाटे. मी ठसा बघायचो. तो आधी वाळू बघायचा, मग ठसा. त्याची नजर माझ्यापेक्षा किती तरी निवांत होती आणि तरी तो चुकत नसे. ही गोष्ट मला तेव्हा नुसती आश्चर्याची वाटली होती. आता तिच्यावर जास्त विचार करतो. नक्षी नीट माहीत असलेल्या माणसाला तिच्यातलं बिघडलेलं शोधावं लागत नाही, ते आपोआप दिसतं. मग डोळ्यांवर सतत ताण देऊन बसायची गरज उरत नाही.

दर गुरुवारी माझ्या व्हरांड्यात पाच-सहा माजी सैनिक जमतात. चहा, जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली, ए-फोर कागद, दहा रुपयांची पेनं. नियम तीन आहेत. खोडरबर नाही. काढलेलं गटावर टाकायचं नाही, कारण अंगठे आले की माणूस अंगठ्यांसाठी काढायला लागतो. आणि वीस मिनिटं झाली की थांबायचं, मध्येच असलं तरी. एकाचा हात कंपवाताने थरथरतो. तो नदीचे फाटे काढतो, आणि थरथरणारी रेघ तिथे इतकी शोभते की बाकीचे त्याच्यासारखी रेघ काढायचा प्रयत्न करतात. एकजण तीन वेळा आला आणि म्हणाला, ‘‘साहेब, यात माझं मन लागत नाही, मी भजनाला जातो.’’ त्याला भजनात बरं वाटतं. तेही ठीक.

शेवटी एका हवालदाराबद्दल सांगतो. नाव सांगणार नाही. त्याला विचारून सांगतोय. सातारा जिल्ह्यातला, आमच्याच पलटणीतला. सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला, उत्तम चालतो, आता पीथमपूरच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. तो गुरुवारी यायला लागला तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘‘साहेब, पान काढीन, फूल काढीन. जमिनीचं काही सांगू नका.’’ तो डांबरी रस्ता सोडून कच्च्या मातीवर पाऊल ठेवत नाही. शेतात जात नाही. गावाकडे त्याची स्वतःची दोन एकर जमीन आहे. ती भाऊ करतो.

तो माणूस सागाची पानं अशी काढतो की माझी त्याच्यापुढे काहीच नाहीत. सूर्यफुलाचे दोनशे ठिपके त्याने तीन गुरुवारांत पुरे केले. पण मे महिन्यात मी स्वतः जे काढतो ते तो लांबून बघायचा.

आमच्या घरामागे मोकळा प्लॉट आहे, काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. मेमध्ये तिला इतक्या रुंद भेगा पडतात की हात आत जातो. मी त्यातला एक मीटर चौरस आखून घेतो आणि रोज थोडा काढतो. भेगांनाही नियम आहे. आधी पडलेल्या भेगेला नंतरची भेग येऊन मिळते तेव्हा ती बहुधा काटकोनात मिळते, इंग्रजी ‘टी’ सारखी. त्यामुळे कुठली भेग आधीची आणि कुठली नंतरची हे कागदावर ओळखता येतं. जमिनीने स्वतःची डायरी लिहिल्यासारखं. माती पुन्हापुन्हा भिजून वाळत राहिली की हे सांधे हळूहळू ‘वाय’ सारखे होतात, तीन भेगा सारख्या कोनांत, आणि घरं षटकोनाकडे झुकतात. लाव्हा थंड होताना आकसतो तेव्हाही असंच होतं. मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिलचे उभे खांब बघितले असतील, ते त्याच जातीचे. आमची काळी मातीही त्याच दख्खनच्या बेसॉल्टची झालेली आहे.

गेल्या वर्षी त्याने विचारलं, ‘‘साहेब, ही भेग कुठून सुरू झाली हे तुम्हाला कसं कळतं?’’ मी कागदावर दाखवलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे खालून कुणी काही केलेलं नाही. नुसती वाळलीय.’’ मी म्हटलं, ‘‘नुसती वाळलीय.’’ यापेक्षा जास्त आमच्यात बोलणं झालं नाही.

पुढच्या गुरुवारी तो अर्धा तास आधी आला आणि खुर्ची मागितली. फरशी संपते आणि माती सुरू होते तिथे, फरशीवरच, त्याने खुर्ची ठेवली. दोन्ही पाय फरशीवर. मांडीवर पाट घेऊन त्याने समोरची एकच भेग काढायला घेतली. वीस मिनिटं झाली तरी मी थांबवलं नाही. नियम माझाच होता, माझ्या व्हरांड्यापुरता. ती भेग दुसऱ्या भेगेला जिथे मिळते तिथपर्यंत त्याने काढली, तारीख घातली, पेनाचं टोपण लावलं. मी विचारलं, ‘‘पुढची?’’

‘‘पुढची पुढच्या मे महिन्यात, साहेब. आता पाऊस येईल, या मिटतील.’’

तो कागद त्याने घडी न घालता घरी नेला. या मेमध्ये तो येणार आहे. खुर्ची तयार आहे.

जय हिंद.